वाणसामानाच्या वह्या

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या अभिलेखागारात वह्या काढून देणारे एक वयस्क डच गृहस्थ होते. मी संशोधनासाठी एका खेड्यातल्या दुकानाच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या हिशेबवह्या वाचत होते. वहीला हात लावण्याआधी ते तळवे चोळून ऊबदार करत, मग ती जुन्या वह्यांसाठी माझ्यासमोर ठेवलेल्या मऊ उशीवर ठेवत आणि दरवेळी म्हणत, "सावकाश हं, सावकाश."

लॉकडाऊनमध्ये वाचनकक्ष बंद झाला. कर्मचारी म्हणून त्यांना तेवढं आत जाता येई. माझं काम अडलेलं पाहून ते दुपारी फोन करून मला नोंदी वाचून दाखवू लागले. प्रत्येक नोंदीनंतर माझं लिहून होईपर्यंत थांबत.

एका दुपारी "सुतकासाठी काळं कापड" ही नोंद त्यांनी वाचली. मी ती लिहून घेतली.

"परवा माझी बायको गेली," ते म्हणाले. "वृद्धाश्रमात आत सोडत नव्हते. खिडकीच्या काचेतूनच पाहिलं तिला."

"आज राहू द्या ना," मी कसंबसं म्हटलं.

"नको. घरी जाऊन कुणाशी बोलू?"

आणि त्यांनी पुढची ओळ वाचायला घेतली. मीठ, साबण, मेणबत्त्या. मी पेन खाली ठेवलं आणि नुसती ऐकत राहिले.