वडाखालची अनुसया

तू मला ओळखत नाहीस, म्हणूनच तुला सांगणं जमतंय. आईला सांगितलेलं नाही. समितीत कुणालाच नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच — तिच्या ओट्यावर बसून चहा पिते, गुडघे कसे आहेत विचारते आणि उठून येते. दोन वर्षं हेच चाललंय.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी पत्रकं लिहिते. सव्वीस वर्षांची आहे, करंजाड्यात आईबाबांच्या फ्लॅटमध्ये राहते आणि कॉलेजपासून मोर्चे, निवेदनं, घोषणा यांतच वाढलेय. ‘जाहीर निषेध’ या दोन शब्दांनी सुरुवात केली की पुढचं पान आपोआप लिहून होतं. बोट दाखवायला मला कधी अडचण आली नाही. समोर अधिकारी असो, बिल्डर असो, नाहीतर आमच्याच सोसायटीचा सेक्रेटरी. माझं गाजलेलं पत्रक कुठलं, माहितीये? ‘आम्ही यादीतले आकडे नाही, माणसं आहोत!’ उद्गारचिन्हासकट. त्याच्या पाचशे प्रती काढल्या होत्या.

ते पत्रक मी आता कुणाला देत नाही. का, तेच सांगतेय. जरा वळसा घेऊन येतेय, हे मलाही दिसतंय.

कर्नाळ्याच्या अलीकडे, महामार्ग सोडून आत गेलं की एक गाव लागतं. गावामागच्या डोंगरात दगडाची खाण आहे. ती वाढवायची होती, म्हणून पनवेलला जनसुनावणी ठेवली होती. सुरुंगाने घरांना तडे गेलेले, भातावर पांढरी धूळ बसलेली — लोकांना बोलायचं होतं. गावाने खाणीविरुद्ध समिती केली होती, तिची पत्रकं मी लिहायचे. सुनावणी घेणाऱ्या कार्यालयाची अट अशी, की बोलणाऱ्यांची यादी आठ दिवस आधी द्यायची. टाईप केलेली, आणि एका माणसाचं नाव एकदाच. यादीत नाव नसेल तर बोलता येणार नाही.

गावात नावं गोळा केली नंदाताईंनी. त्या अंगणवाडीत मदतनीस आहेत, पन्नाशीच्या. लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर घेऊन पंधरा दिवस त्या घरोघर फिरल्या. नाव, पुढे सही किंवा अंगठा. आणि नावापुढे कंसात काहीतरी लिहिलेलं. (वडाखालची). (चक्कीवाला). (शाळेमागे). कारण त्या गावात अर्ध्या लोकांचं आडनाव पाटील, आणि आजोबाचं नाव नातवाला ठेवायची रीत. एका आजोबाला चार मुलांकडून चार नातू असतील तर एकाच नावाची चार माणसं. गावाला त्याची अडचण होत नाही. गाव कंसातल्या शब्दांवर चालतं.

मला ते कंस गावंढळ वाटले.

हो, हाच शब्द मनात आला होता. गावासाठी लढणारी मी.

त्याच सुमारास मी शनिवार-रविवारचा पायथनचा, म्हणजे कॉम्प्युटरला सूचना लिहायच्या भाषेचा, क्लास लावला होता. पहिल्या महिन्यात शिकवलं ते एवढंच — स्ट्रिंग आणि लिस्ट. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. लिस्ट म्हणजे अशा माळा ओळीने मांडलेल्या. माळ हवी तिथे तोडता येते. यादीला विचारता येतं, बाई गं, ही माळ तुझ्यात आधीपासून आहे का? असेल तर सोड, नसेल तर घे. मला काय भारी वाटलं होतं! आंदोलनातल्या पोरांना फक्त घसे फोडता येतात असं म्हणणाऱ्यांना दाखवून द्यायचं होतं. कुणाला, ते विचारू नकोस. असं म्हणणारं कुणी नव्हतंच बहुधा.

रजिस्टर मी घरी आणलं. दोन दुपारी बसून एकशे त्रेसष्ट ओळी टाईप केल्या, कंसासकट. मग अकरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक नाव कंसापाशी तोडायचं आणि मागचा तुकडा टाकून द्यायचा. पुढचा तुकडा नव्या यादीत आधीच असेल तर घ्यायचा नाही, नसेल तर घ्यायचा. बटण दाबलं. एकशे त्रेसष्टचे एकशे एक्कावन्न झाले. बारा नावं गेली. काही जणांनी खरोखरच दोनदा नोंद केली होती — एकदा सकाळी ओट्यावर, एकदा संध्याकाळी पारावर — हे मला ठाऊक होतं. मी खूश. गेलेली बारा कोणती, हे बघायला आणखी एक ओळ लागली असती. एकच. ती मी लिहिली नाही. कशाला लिहू? आकडा कमी झाला होता, यादी गुळगुळीत दिसत होती.

यादी मी नंदाताईंना मोबाईलवर दाखवली. त्या चष्मा नाकावर ओढून बराच वेळ बघत राहिल्या.

“पोरी, ते कंसातलं काढलंस काय गं?”

“ताई, साहेबाला वड नि चक्की काय कळणार? यादी नीट दिसायला नको?”

“दिसायला नाय गं ते. वलखायला हाय.”

“तुम्ही टेन्शन घेऊ नका. कॉम्प्युटरने केलंय.”

हसल्या. “मंग काय, आमी अडाणी,” म्हणाल्या आणि चुलीवरचं आधण बघायला आत गेल्या. मी यादी पाठवून दिली.

म्हणजे बघ, मला सांगितलं होतं. चुकीच्या आधी, स्वच्छ शब्दांत. ‘माहीत नव्हतं’ असं म्हणायची सोयसुद्धा माझ्याकडे नाही.

सुनावणीच्या दिवशी सभागृह भरलं होतं. अधिकारी यादीतलं एकेक नाव पुकारत होते. “अनुसया गोमा पाटील,” म्हणाले, आणि दोन बाया उठल्या.

दोघी अनुसया, दोघींचे नवरे गोमा — चुलत भाऊ, एकाच आजोबाचं नाव मिळालेले. एक विहिरीवरची. दुसरी वडाखालची. विहिरीवरची पुढच्या रांगेत होती, ती माईकपाशी पोचली आणि भातावरच्या धुळीबद्दल बोलली. चांगली बोलली. वडाखालची उभीच राहिली. तिला वाटलं, आपलं नाव पुढे येईल. एकशे एक्कावन्न नावं संपली तरी आलं नाही. तेव्हा ती आपणहून पुढे गेली. सत्तरीची बाई, हातात नॅपकिनची पुरचुंडी. त्यात तिच्या भिंतीचा पडलेला गिलावा होता. आठवडाभर सुनेला समोर बसवून तिने बोलायचा सराव केला होता, हे मला नंतर कळलं.

“आजी, हे नाव झालं. तुम्ही बोललात,” अधिकारी म्हणाले.

“मी नाय बोलले. ती बोलली.”

सभागृह हसलं. मागून कुणीतरी ओरडलं, “आजी, एका तिकिटात दोन शो काय?” आणखी हसले. ती पुरचुंडी धरून उभी.

आणि मी काय केलं? मी खुर्चीवर चढले. “नाव कापलं! जाणूनबुजून कापलं! जाहीर निषेध!” माझ्यामागे वीस जण ओरडायला लागले. अधिकाऱ्यांनी शांतपणे एक कागद माझ्याकडे धरला. “मॅडम, ही तुमचीच यादी. तुमचाच ईमेल. बघा.” कागदावर ते नाव एकदाच होतं.

मी खुर्चीवरून उतरले. अनुसयाआजी पुरचुंडी मांडीवर घेऊन खाली बसली.

बाहेर कॅन्टीनमध्ये लॅपटॉप उघडला आणि ती न लिहिलेली ओळ तेव्हा लिहिली. गेलेली बारा नावं पडद्यावर आली. रजिस्टर माझ्या पिशवीतच होतं, एकेक ओळ पडताळली. नऊ खरोखर दोनदा आलेली. तीन — तीन वेगळी माणसं. दोघं त्या दिवशी आलीच नव्हती, म्हणून त्यांचं कुणाला कळलं नाही. कंस काढल्यावर दोन माळा अक्षर न् अक्षर सारख्या झाल्या, आणि प्रोग्रॅमने दुसरीला दारातून परत पाठवलं. त्याने आगाऊपणा काहीच केला नाही. मी सांगितलं तेवढंच केलं.

इथवरची गोष्ट चूक म्हणून सांगता आली असती. शिकाऊ पोरीची चूक. त्या संध्याकाळी सांगितली असती तर लोक रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि सगळे मिळून तिसऱ्या दिवशी सुधारित यादी आणि आजीचं लेखी म्हणणं देऊन आलो असतो. मुदत होती. सात दिवस होती. हे मला माहीत होतं — नियम मीच वाचले होते.

संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात समिती बसली. समितीचे प्रमुख उत्तमदादा, त्यांनी सरळ विचारलं, “नाव गेलं कसं?”

सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हणाले — हे वाक्य मला जसंच्या तसं पाठ आहे — “मी रजिस्टरवरूनच टाईप केलंय. रजिस्टरमध्येच ते नाव एकदा असेल.”

‘असेल.’ बघितलंस? पूर्ण खोटं बोलायचीही छाती नव्हती.

नंदाताई कोपऱ्यात बसल्या होत्या. “नाय गं. मी दोनदा लिवलंय. दोघींचं आंगठं हायत. रजिस्टर काढ ना, दाखवते.”

“घरी राहिलं,” मी म्हणाले.

रजिस्टर माझ्या मांडीवरच्या पिशवीत होतं. त्याचा पुठ्ठा मला कापडातून पोटाला टोचत होता. मी पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. नंदाताई माझ्याकडे बघत होत्या की त्या पिशवीकडे? मी अजून स्वतःला विचारते. तेव्हा मान वर केली नाही.

उत्तमदादा चिडले. “ताई, येवढी साधी गोष्ट! मशीन चुकतंय व्हय? आपल्या लिवन्यातच काय तरी गेलं आसंल.” कुणीतरी म्हणालं, अंगणवाडीत खिचडी वाटण्याइतकं सोपं नसतं हे. हसले. आणि मी — ‘जाहीर निषेध’वाली मी, खुर्चीवर चढणारी मी — त्या हसण्याला एका शब्दानेही अडवलं नाही.

नंदाताई उठल्या. व्हरांड्याच्या पायरीवर अनुसयाआजी बसली होती, तिच्यापाशी जाऊन म्हणाल्या, “चुकलं आसंल माजं. माफ कर गं.” आजी म्हणाली, “जाऊं दे. तू काय मुद्दाम केलंस?”

त्या दिवसापासून नंदाताईंनी समितीचं काही लिहायला घेतलं नाही. बैठकीला येतात, मागे बसतात, पेन पुढे केलं तर म्हणतात, “नको, माज्या हातून चुकतं.” पंधरा दिवस घरोघर फिरून एकही माणूस न चुकवणारी बाई. आणि समितीच्या सगळ्या नोंदी कुणाकडे आल्या? माझ्याकडे. बढतीच म्हण. “मधुराला कॉम्प्युटर येतो.”

रजिस्टरची एक-दोनदा विचारणा झाली. मी म्हणाले, सापडत नाही. फेकून दिलं नाही. जाळलंही नाही. आईच्या जुन्या साड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहे.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते लांबवून मला स्वतःला बरं वाटून घ्यायचं नाही. सुनावणीत ज्यांनी तड्यांबद्दल सांगितलं, त्यांच्या घरांची पाहणी झाली. इतिवृत्तात ज्यांचं बोलणं होतं, त्यांचीच. अनुसया गोमा पाटील इतिवृत्तात आहे, पण ती धुळीबद्दल बोलली आहे. वडाखालच्या घराकडे कुणी आलं नाही. मागच्या भिंतीला आता बाहेरून दोन बांबू टेकवलेत. सून पुढच्या खोलीत स्वयंपाक करते. मागच्या खोलीत आता कुणी निजत नाही.

मी तिथे जाते. बांबू बघते. मग व्यवस्थेवर बोलते. मला व्यवस्थेवर फार छान बोलता येतं.

तुला वाटत असेल, आता सांगून टाकेल ही सगळं, जाईल व्हरांड्यात रजिस्टर घेऊन. जाईन की नाही, ते इथे लिहीत नाही. जाईन असं लिहिलं की लगेच हलकं वाटतं, गेल्यासारखंच — पत्रकांनी मला ही सवय लावलीय. मी दर रविवारी गावातल्या मुलींना कॉम्प्युटर शिकवते. स्ट्रिंग, लिस्ट. परवा एकीने विचारलं, “ताई, दोन नावं सारखी असली नि माणसं वेगळी असली, तर?” मी म्हणाले, पुढच्या वेळी बघू. त्या मुलीची आजी नंदाताईंच्या शेजारी राहते; प्रश्न तिचा एकटीचाच होता का, कोण जाणे.

कबुली द्यायची तर ती पत्रकाच्या भाषेत नको, यादीच्या भाषेत देते. काल दुपारी कपाट उघडून उतरवून घेतलंय. काहीही कापलेलं नाही.

ओळ एक्केचाळीस : अनुसया गोमा पाटील (विहिरीवरची). अंगठा.

ओळ एकशे अठरा : अनुसया गोमा पाटील (वडाखालची). अंगठा.

दोन्ही ओळी नंदाताईंच्या हातच्या आहेत. त्या संध्याकाळी रजिस्टर माझ्या पिशवीत होतं.