साचलेल्या पाण्याला सांगितलेलं स्वप्न

देवावर माझा विश्वास होता असं मी खोटं सांगणार नाही. त्या साली तर मुळीच नव्हता. मुळशीला धरण झालं, मुळा नदीचं पाणी मागं सरकत आलं आणि खालच्या आळीबरोबर आमच्या वाघजाईचं देऊळही बुडालं. देवीला टेकाडावर आणून बसवलं होतं. पण मला वाटायचं, जिला स्वतःचं घर राखता आलं नाही ती माझं काय डोंबल राखणार?

आणि राखायची तर तेव्हाच गरज होती. माझी सहा वर्षांची सोनी आठ दिवस तापानं फणफणली होती. ती आतून "आये, पानी" म्हणायची आणि माझे पाय उंबऱ्यावरच खिळायचे. हात गार पडायचे, तांब्या सुटायचा. शेवटी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला पाणी पाजायच्या आणि बाहेर येऊन म्हणायच्या, "कसली गं आई तू! पोटचं पोर हाय का शेजारनीचं?" त्यांचं तरी काय चुकलं? मलाच माझी किळस येत होती.

त्याचं कारण मला ठाऊक होतं, पण आजवर कुणापाशी बोलले नव्हते. मी सात वर्षांची असताना प्लेग आला. गाव ओस पडलं, माणसं माळावर झोपड्या घालून राहिली. आमच्या आईला गाठ आली. बापानं तिला गावातल्या घरात ठेवून बाहेरून कडी घातली, मला दाराशी बसवलं आणि चुलत्याला आणायला गेला. कडी काढलीस तर तूही जाशील, असं बजावून गेला. आई आतून दार वाजवत होती, पाणी मागत होती. मी कडी काढली नाही. दुपारी दार वाजायचं थांबलं.

तेव्हापासून एकच स्वप्न पडायचं. दार वाजतंय आणि मी पळतेय. आमच्याकडची रीत अशी की वाईट स्वप्न माणसाला सांगायचं नाही. उठल्यावर तोंड न धुता नदीवर जायचं, वाहत्या पाण्याला सांगायचं आणि मागं न बघता परत यायचं. पाणी ते घेऊन जातं. वीस वर्षं मी हेच केलं, मधले काही महिने बरेही गेले. धरण झाल्यावरही मी जातच राहिले. पाणी आता वाहत नाही हे रोज डोळ्यांना दिसत होतं, पण डोक्यात काही शिरत नव्हतं. स्वप्न मात्र रोज पडू लागलं. पुढंपुढं जागेपणीही दार वाजायचं.

नवव्या दिवशी उजाडल्यावर मी काठावर जाऊन सगळं सांगितलं. पाणी ताटात ओतल्यासारखं स्वस्थ होतं. एक पाखरू बोलत नव्हतं. मी निघाले आणि मागून आवाज आला, "मंग फुडं?"

बघायचं नसतं, तरी बघितलं. गुडघाभर पाण्यात एक म्हातारी उभी होती आणि तिचं लुगडं कोरडं होतं.

"कुनाच्या तुमी?" मी विचारलं.

"खालच्या आळीची."

अगं बाई! खालच्या आळीवर तर दोन पुरुष खोल पाणी होतं. अंगावर काटा आला, पण पुढं काय झालं असं मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हणाले, "फुडं काय न्हाई. मी पळते."

"दार कोन वाजवतंया?"

"आई."

"बगितलंस?"

"न्हाई."

"मंग कशावरनं? बाये, ह्ये पानी आता कुटं जात न्हाई. त्येला सांगू नगंस. आज दार वाजलं की कडी काड."

"आन आई रागावली तर?"

"रागवू दे की! आई रागावली म्हून लेक मरती व्हय?"

मी घसरलेला पदर सावरला, तेवढ्यात तिथं कुणी नव्हतं. पाण्यावर साधी लाटही उठली नव्हती.

त्याच दुपारी ओसरीवर भिंतीला टेकले आणि डोळा लागला. दार वाजलं. वाघजाई, तुझी मर्जी, असं म्हणून मी कडी काढली. दारात परकर नेसलेली सात वर्षांची पोर उभी होती, ओठ फुटलेले. ती मीच होते. इतकी वर्षं मीही आत कोंडलेली होते. "मी कडी काडली न्हाई," ती म्हणाली. मी तिला उचलून घेतलं. तेवढ्यात आतल्या अंधारातून एक हात आला आणि आम्हा दोघींच्या डोक्यावरून फिरला. हात तापानं भाजत होता, पण त्यात राग नव्हता.

ओक्साबोक्शी रडतच जागी झाले. आतून सोनीनं पाणी मागितलं. मी उंबरा कधी ओलांडला ते कळलंच नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन पाणी पाजलं. पोर म्हणाली, "आये, तुजा हात लई गरम हाय."

दोन दिवसांनी तिचा ताप उतरला. तो कुणी उतरवला याचा वाद मी घालत नाही. देवीपुढं मात्र लोटांगण घातलं. तिच्या हवाली करायचं ते आधी आपल्या हातानं उचलावं लागतं, एवढं मला समजलं.

मग मी आईची गोष्ट पहिल्यांदा माणसाला सांगितली, आत्याबाईंना. त्यांनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाल्या, "माज्या धाकट्या भावाला आमी बी असंच कोंडलं हुतं गं." त्या दिवशी आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून पोटभर रडलो.