मलम लावून झाल्यावर

औषधाच्या दुकानात माझ्यापुढच्या गृहस्थांनी आईच्या गुडघ्यांसाठी मलम मागितलं. ट्यूब देताना दुकानातल्या बाई म्हणाल्या, "पातळच लावा. वरून शेकू नका, घट्ट बांधू नका. आणि लावून झालं की हात धुवा."

मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं मी कधी वाचली नव्हती. जेवढं झोंबेल तेवढं औषध लागू पडतं, असाच आमच्या घरचा समज. म्हणून काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी माझ्या आईच्या गुडघ्याला मलम चोळून चोळून लावलं, वर गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि फडक्याने आवळून बांधली. ती डोळे मिटून पडून राहिली. मला वाटलं, आराम पडतोय.

फडकं सोडलं तेव्हा गुडघ्यावर फोड आले होते.

"भाजत होतं तर बोलली का नाहीस?"

"किती दिवसांनी जवळ बसला होतास," आई म्हणाली. "बोलले असते तर उठून गेला असतास."

फोड आठवड्याभरात बरे झाले. आई आता नाही.

त्या गृहस्थांना अजून एक सूचना द्यावी, असं फार वाटलं. हात धुवायला उठाल, तेव्हा परत येऊन बसा. पण तोवर ते पायरी उतरून गेले होते.