चित्राला पोत्याचा टाका

वडनेर भोलजीचा कचरू कशाकशाला भीत नाही ते सांगणं सोपं, कारण यादी छोटी आहे. नांदुऱ्याच्या बाजारात दाभणानं धान्याच्या पोत्यांची तोंडं शिवताना तो वाघ. एरवी फोन वाजला तरी कोण गेलं असेल या विचारानं त्याला घाम फुटतो. अशा माणसाच्या ताब्यात त्याच्या मुलीनं, समतानं, आपलं चित्र दिलं आणि ती टेम्पो ठरवायला गेली. चित्र दुपारपर्यंत बुलढाण्याच्या प्रदर्शनात पोचायला हवं होतं. उशिरा किंवा मोडकं आलेलं तिथे घेणार नव्हते.

चित्र दरवाजाएवढं. खाली तरट, त्यावर आईच्या जुन्या साडीच्या चिंध्या, वर्तमानपत्र, डांबर, राख, पुन्हा तरट, आणि सगळ्यावर लाल रंगाचे फटकारे. महिनाभर पाहूनही कचरूला त्यात माणूस, झाड, बैल काहीच सापडलं नव्हतं. पण पोरगी त्याच्यासमोर तासन् तास उभी राही, म्हणून तो त्यालाही भिऊ लागला होता.

पाणी पिऊन येतो तर शेजारच्या चांगुणाबाईची बकरी चित्रापाशी उभी. तोंड हलतंय, आणि चित्राच्या मधोमध तरटाचा फाटका तुकडा लोंबतोय. आधी तसा होता का तो? आठवेना. चेहरा असता तर नाक गेलं की कान, ते तरी कळलं असतं. इथे काय गेलं ते फक्त समताला कळणार, आणि ती तर येतच होती.

घाबरलेल्या माणसाचे हात ओळखीच्या कामाकडे धावतात. त्यानं दाभणात सुतळी ओवली आणि लोंबता तुकडा पोत्याच्या तोंडासारखा ताणून शिवून टाकला. सवयीनं दोन्ही टोकांना हमालाला धरायचे कानही काढले.

समता आली आणि तिची नजर थेट सुतळीवर गेली. कचरूनं अडखळत बकरीचा सगळा गुन्हा सांगितला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "ते मीच फाडलं होतं. आतलं दिसाले पाह्यजे म्हणून."

बकरी बिचारी रवंथ करत होती.

समतानं ब्लेड आणलं आणि त्याच्याच हातात दिलं. "तुमचा टाका हाये, तुम्हीच उसवा. मी ओढीन त खालचा रंग निघीन."

कचरूनं श्वास कोंडून एकेक टाका सोडवला. शेवटच्या टाक्याला डांबराची एक कपची गळाली, तेव्हा त्याला आपलाच दात पडल्यासारखं झालं. समतानं ती डिंकानं बसवली. दाभणाची भोकं मात्र राहिली. घेतील का आता, असं त्यानं विचारलं. तिला तरी काय ठाऊक. चित्र टेम्पोत चढलं, तशी ती त्यालाही मागे चित्रापाशी चढवू लागली.

"धरा तुम्ही. तुमच्याएवढं भेऊन कोनी नाही धरनार."

राजूरच्या घाटात प्रत्येक वळणाला कचरू डोळे मिटून चित्राला बिलगला होता. दुपारच्या आत, आणखी एक कपचीही न सांडता चित्र पोचलं. फक्त चौकटीवरची त्याची बोटं सोडवायला समता आणि ड्रायव्हर, दोघांनाही झटावं लागलं.