डब्यातली मरळ

माझी शाळा चौथीतच सुटली. सोलापूरकडचं गाव सोडून भुईगावच्या एका वाडीत कामाला लागलो तेव्हा मी वीसएक वर्षांचा होतो. आल्या आल्या विषमज्वराने पडलो. वाडीच्या मालकीणबाईंनी, त्यांना मी वहिनी म्हणायचो, माझं अंथरूण स्वतःच्या ओटीवर घातलं आणि बरा होईपर्यंत हलवू दिलं नाही. तेव्हापासून त्या घरात कुणी शिंकलं तरी मी हातातलं काम टाकून धावायचो.

दुसऱ्या वर्षी माघात वहिनीच आजारी पडल्या. ताप उतरला, पण अन्नावरची वासना गेली ती गेलीच. ताट जसं जायचं तसं परत यायचं. डॉक्टरांनी त्यांच्या यजमानांना, म्हणजे भाऊंना, बाजूला घेऊन सांगितलं, की पोटात काही गेलं नाही तर औषध एकटं काय करणार. घरात समुद्राची मासळी रोजची. पण वहिनींचं माहेर चिंचोटीच्या डोंगराखाली, भातशेतीवाल्यांचं. एकदा त्या बोलून गेल्या, ओढ्यातली जिवंत मरळ मिळाली तर दोन घास खाईन.

भाऊंना घर सोडवत नव्हतं. मी जातो म्हणालो. मासे धरणं मला कुठलं ठाऊक? आमच्याकडची नदी आठ महिने नुसती वाळू. तरी गळ घेतला, पाठीवर गोणपाटात चादर, भाकऱ्या आणि थोडी सुकेळी, म्हणजे इकडची वाळवलेली केळी, बांधली, झाकणाचा एक पत्र्याचा डबा घेतला आणि निघालो.

दिवसभर चालून डोंगरात शिरलो. ओढ्याची धार आटत आलेली, मधेमधे डोह राहिलेले. रात्र एका खडकाच्या आडोशाला काढली. एवढा एकटा मी गाव सोडतानाही नव्हतो. पहाटेपासून गळ टाकून बसलो. गळाला गांडूळ लावलेलं, ते बारके मासे कुरतडून न्यायचे. दुपार कलली तशी मला धडकी भरली, रिकाम्या हाताने त्या घरात जायचं कसं.

म्हशी पाजायला आलेला एक म्हातारा बराच वेळ माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "पावनं, घाटावरचे काय? तुमी नुसतं पानी बघताय. मरळीला गांडूळ म्हंजे शेंगदाना." त्याने बेडकाचं पिल्लू पकडून गळाला लावून दिलं, कुठे टाकायचं ते दाखवलं आणि म्हशी घेऊन गेला. तो थांबला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

ऊन उतरायच्या आत मरळ लागली. हातभर लांब, काळी, अंगाने मनगटाएवढी. डबा काठोकाठ भरला, तिला आत सोडलं, वरून झाकण दाबलं आणि हिंदकळून थेंबही जाऊ नये म्हणून त्यावर फडकं आवळलं. डबा पाठीला बांधला आणि चालू लागलो.

ती आतून पत्र्यावर धडका द्यायची. माझ्या पाठीला ते नीट कळायचं. खरं सांगतो, मला बरं वाटायचं. वाटेत दुसरं कोण होतं? मी तिच्याशी बोलायला लागलो. पोचलोच हं, म्हणायचो. घरचं सांगितलं, आईचं सांगितलं. कामण गावाच्या पुढे धडका थांबल्या. मला वाटलं, दमून निजली. तिची झोप मोडू नये म्हणून मी पाय जपून टाकायला लागलो.

रात्रभर चालून सकाळी पोचलो तो थेट वहिनींच्या खाटेपाशी. त्या उशीला टेकून बसल्या. मी फडकं सोडलं, झाकण काढलं. मरळ पोट वर करून तरंगत होती.

वहिनींनी आधी डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे.

"अरे, मरळीला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. इतकं पानी कशाला भरलंस? ओल्या गोणत्यात घातली असतीस तरी जगली असती. तू बुडवलीस तिला."

म्हणजे त्या धडका. मी तिथेच खाली बसलो. भाऊंनी डबा उचलून बाहेर नेला. ते पेजेची वाटी घेऊन आले. वहिनींनी ती नुसतीच हातात धरली.

मग विचारलं, "कुठल्या डोहात लागली?"

मी सांगितलं, मोठा सपाट खडक आहे तिथे. कुठल्या अंगाला, त्या म्हणाल्या. उंबराच्या. उंबर अजून आहे? आहे, पण एक फांदी मोडलीय. मी डावीकडे म्हणालो की त्या म्हणायच्या, उजवीकडे रे, तू उलटा बसला होतास. मधेच एक घोट घ्यायच्या. वाटी रिकामी झाली हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. भाऊंच्या होतं. त्यांनी हळूच ती पुन्हा भरून दिली आणि मला डोळ्यांनी खुणावलं, थांबू नकोस.

पण मी पाहिलेलं सगळं सांगून संपलं होतं. मग मी आमच्या गावच्या नदीचं सांगायला लागलो. उन्हाळ्यात पात्रातून बैलगाड्या जातात, म्हणालो.

"मग प्यायचं पानी कुठून आनता?" वहिनींनी विचारलं.

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी सांगू लागलो.