समोर समोर चालणारी नायिका

लाखांदूरच्या एसटीत मी मोबाईलवर एक गाजलेला नवा सिनेमा पाहत होतो. शेजारच्या अनोळखी मावशीही डोकावत होत्या. नायिका गात गात धान रोवू लागली, तशा त्या कडाडल्या, "बंद कर, बापू! रोवणा मागं मागं सरकत करतेत. हे बाई समोर चालून आपलंच धान तुडवून राहिली!"

"सिनेमात चालतं, मावशी."

"कायले चालते? मारामारी शिकवाले मास्तर ठेवतेत, अन् रोवण्यासाठी एक बाई नाही भेटली? जुन्या पिक्चरमधली रडत होती, पण मागंच सरकत होती."

बोलताना त्यांचा अंगठा मांडीवरच्या पिशवीत जणू रोपं खोवत होता. उतरताना म्हणाल्या, "भेटली त सांगजो तिले, माह्या धानाच्या बांधीत पाय नाही टाकू देत म्हणा."

तेव्हापासून पडद्यावर शेत दिसलं की मी आधी नायिकेचे पाय पाहतो.