वरच्या काकांचा वाहता नळ

गळका नळ दिसला की ज्यांचा जीव खालीवर व्हायचा, त्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा नळ त्या दिवशी सकाळी पाऊण तास धो धो वाहत होता, आणि मी खाली कणीक मळत होते. पाण्याची एवढी काळजी करणारा माणूस सगळ्या नोएडात दुसरा नसेल. मला वाटलं, काका गेले. तशाच पिठाच्या हातानं माझ्या लेकीला, चिंगीला कडेवर घेतलं नि जिना चढले. दार वाजवलं तर आतून बारीक आवाज आला, "पोरी, नळ मुद्दाम सोडलाय. आवाजानं होईल म्हणून." काय होईल ते मला कळेना. मग थांबून म्हणाले, "कालपासून लघवी झाली नाही." मी त्यांच्या सुनेच्या वयाची, एवढं बोलायला त्यांना किती जड गेलं असेल.

काका म्हणजे अवलियाच. नोकरी सरकारी, सगळा जन्म दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेला, काकू वारल्यावर इथं एकटेच. खिशात पैसे नसतील पण नळाचे वायसर असायचे. कुणाकडे चहाला गेले की आधी मोरीत जाऊन नळ पिळून यायचे, मग नमस्कार. एसीच्या पाण्याखाली बादली, त्या पाण्यावर तुळस. शेजारची पंजाबी आंटी पाइप लावून गाडी धुवायला लागली की हे गॅलरीतून ओरडायचे, "बहनजी, गाडी है, भैंस नहीं." आणि शिंका. धुळीचे दिवस आले की सकाळी अकरा शिंका, दहा नाही, बारा नाही. चिंगी खालून मोजायची, एक, दोन, तीन. तिला मराठी आकडे शिंकांनीच शिकवले, नाहीतर आमच्या घरात मराठी बोलायला होतं कोण? चिंगीचे बाबा सकाळी कंपनीच्या बसनं जातात ते अंधार पडल्यावर येतात, आणि येऊन झोपतात. दिवसभरात मला मराठीत हाक मारणारे काका एकटेच, "पोरी, आज भाजी काय?"

आता गोळीचं सांगते. काकांची डॉक्टरनं दिलेली शिंकांची गोळी संपली होती, तर आदल्या दिवशी रिकामं पाकीट देऊन मला दुकानात पाठवलं. ते पाकीट भाजीच्या पिशवीत कुठं पडलं कळलं नाही. नाव इंग्रजीत, मी सातवीपर्यंत शिकलेली, नाव सांगणार काय? दुकानदाराला म्हटलं, छींक की गोली दो. त्यानं दिली, म्हणाला तगड़ी है. काकांच्या डोळ्यांना धार लागलेली, चष्मा काढून ठेवलेला. म्हणाले, "तीच ना?" मी म्हटलं, "तीच." इंग्रजी वाचता येत नाही हे सांगायची लाज वाटली, बस्स.

काकांना दवाखान्यात नेताना ई-रिक्षात मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. ते पोट धरून बसलेले, घामानं भिजलेले. म्हणाले, "ते राहू दे. आधी त्याला खड्डे चुकवायला सांग." दवाखान्यात नळी घातली तेव्हा कुठं त्यांचा जीव जाग्यावर आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाक सुखाने वाली गोली इस उम्र में पेशाब रोक देती है." प्रोस्टेटची गाठ आधीच वाढलेली, त्यात ही गोळी लघवीच्या पिशवीचा जोर कमी करते नि तिचं तोंड आवळते. मला काय माहीत, नाकाच्या गोळीचं काम इतकं खालपर्यंत जातं?

दुसऱ्या दिवशी पुण्याहून काकांचा मुलगा आला. म्हणाला, "ही गोळी आली कुठून?" मी तिथंच उभी होते, चिंगी कडेवर. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच आणली. चष्मा नव्हता." मुलगा म्हणाला, "बघा, तुम्हाला आता कळत नाही कुठली गोळी खाताय. इथं एकटं राहायचं नाही." बोलायची वेळ तीच होती. माझं तोंड उघडलं नाही.

आता काका पुण्यात. कधी फोन येतो. "इथं नळ गळतो, पण हात लावला की सून म्हणते, बाबा, राहू द्या." अजून इथंच वरच्या मजल्यावर राहत असल्यासारखं बोलतात, "तुळशीला बादलीतलंच घाल हं." मी घालते. मुलाचा नंबर आहे माझ्याकडे, एकदा सांगितलं असतं की चूक माझी, तुमच्या बाबांची नाही, तर कदाचित काका परत आले असते. पण काकांनी बजावलंय, "मला खोटं पाडू नकोस पोरी." परवा चिंगीला तीन शिंका आल्या. मग ती वर बघत बसली, पुढच्या आठांची वाट बघत. माझ्या जागी तुम्ही असता, तर काय केलं असतं?